रोज ऑफिसला जाणाऱ्या जिम्नीला ऑफरोडचं काय काय लावू? दुकानदाराने पावणेदोन लाख सांगितलेत

वेल्ह्याचा_पाहुणा

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

गाडी मारुतीची जिम्नी (छोटी फोर बाय फोर), मॅन्युअल, दीड वर्ष झालं, १९ हजार किमी. सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी आणि परत, त्यातला निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. महिन्यातून दोनदा गावी, वेल्ह्याच्या पुढे (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, रस्ता आहे तस्साच आहे). डांबरी संपली की घरापर्यंत अडीच किमी पाणंद, मध्ये एक ओढा, त्यावर फरशी पूल, मग दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि शेवटी घराच्या खाली एक लाल मातीचा चढ. आई-वडील तिथेच राहतात.

गेल्या जुलैत त्या शेवटच्या चढावर गाडी अडकली. फोर एल (चारही चाकांना ताकद, लो गिअर) टाकलेलं होतं तरी चारही चाकं नुसती फिरतायत आणि गाडी आडवी होऊन हळूहळू बांधाकडे सरकतेय, बायको शेजारी, पोरगी मागे, मी घामाघूम. शेवटी शेजारच्या तात्यांनी ट्रॅक्टर आणला, वायररोप होता, तो गडबडीत खाली कशाला तरी बांधला आणि झटका दिला, गाडी निघाली पण बंपरचा कोपरा उचकटून हातात आला. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की गाडीला काहीतरी केलं पाहिजे.

मागच्या रविवारी एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो, त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि स्टील बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायची केबलची चरखी), स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), रूफ रॅक, त्यावर लाईट बार, दोन इंची लिफ्ट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग), २३५ चे एमटी (चिखलाचे) टायर आणि मागच्या दाराला शिडी असं सगळं एका दमात लिहून दिलं. १ लाख ९२ हजार, "तुमच्यासाठी" १ लाख ७५. माझं बजेट ६० हजार. बायकोचं म्हणणं काहीच लावू नकोस, तात्यांचा नंबर सेव्ह करून ठेव.

यातलं खरंच काय लागतं? आणि आईचे गुडघे दुखतात, तिला गाडीत चढता येत नाही, त्यासाठी साईड स्टेप लावली तर ऑफरोडला अडचण येते का?

डिझेलदादा

शिडी घ्याच. हिंजवडीच्या सिग्नलला वर चढून पुढचं ट्रॅफिक बघता येईल.

सह्यकडा

पाहुणे, आधी एक विचारतो, गाडी अडकली कशाने? ग्राउंड क्लिअरन्स कमी पडला का, खाली टेकली का? तुमच्याच लिहिण्यावरून नाही. चाकं जागच्या जागी फिरली म्हणजे पकड गेली, आणि पकड ही चार तळहाताएवढ्या जागांवर असते. बंपर, स्नॉर्कल, शिडी यातलं काहीही त्या चढावर तुमच्या कामी आलं नसतं. कंपनीचे टायर एचटी, म्हणजे हायवेचे आहेत, लाल मातीत दोन फेऱ्यांत त्यांच्या फटी बुजतात आणि गुळगुळीत कुंभाराचं चाक तयार होतं.

म्हणून पहिला खर्च टायर. स्टॉक साईज १९५/८० आर १५. त्याच रिमवर २१५/७५ आर १५ चे एटी, म्हणजे डांबरी-कच्चा दोन्हीला चालणारे टाका. गाडी वर-खाली न करता, काही न कापता बसतात, व्यास फक्त १० मिमीने वाढतो, स्पीडोमीटर दीड टक्क्याने चुकेल, म्हणजे १०० दाखवेल तेव्हा तुम्ही खरे १०१.५ वर असाल, सोडून द्या. मुख्य म्हणजे हा बोलेरोचा साईज आहे. ज्या गावात दवाखाना नाही तिथेही बोलेरो असते, त्यामुळे तालुक्याच्या कुठल्याही टायरवाल्याकडे हा टायर मिळतो. २३५/७५ घेतलात तर व्यास ४० मिमीने वाढतो, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घासायला लागतो, मागच्या दारावर स्टेपनीचं वजन वाढून बिजागऱ्या कुरकुरतात आणि १३४ न्यूटन मीटरच्या त्या बिचाऱ्या इंजिनाला रोज हिंजवडीपर्यंत तो फिरवत न्यायचाय. तुम्हीच लिहिलंत ना निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्यात म्हणून.

लिफ्टबद्दल लोकांचा नेहमी गोंधळ होतो. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे. स्प्रिंग उंच केल्या की बॉडी वर जाते, डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा) गोळा आहे तिथेच राहतो. पाणंदीतला मधला उंचवटा किंवा दगड त्या गोळ्यालाच लागणार, आणि तो वर उचलायचा एकच मार्ग, मोठा टायर. लिफ्टने पुढचा-मागचा कोन सुधारतो, पण जिम्नीचा पुढचा कोन आधीच ३६ अंश आहे, तुमच्या पाणंदीला तेवढा रग्गड झाला.

आता वजन. ही गाडी रिकामी साधारण १२०० किलो, भरून जास्तीत जास्त १५४५. म्हणजे माणसं-सामान धरून तीनशे चाळीसेक किलोची जागा. चार मोठी माणसं बसली की २८० गेले. स्टील बंपर आणि विंच मिळून साठ-सत्तर किलो सहज होतात, तेही सगळे पुढच्या ॲक्सलच्या पुढे लटकलेले, वर रॅक. मग गावाहून तांदळाचं पोतं आणायचं ते कुठे? दुकानदार हे सांगणार नाही कारण त्याच्याकडे वजनकाटा नसतो, बिलबुक असतं.

दुसरा खर्च कंप्रेसर. चढाच्या आधी हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवायची, टायर खाली पसरतो, पकड दुपटीने वाढल्यासारखी वाटते. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून निसटतो. परत डांबरीवर आलात की दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी भरायची, त्यासाठी कंप्रेसर गाडीतच पाहिजे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा घेऊ नका, चार टायर भरता भरता फ्यूज उडतो. बॅटरीला डायरेक्ट चिमटे लावायचा घ्या.

आणि एवढं सगळं सोडून फुकटातलं: त्या चढावर एकदा सुक्यात आणि एकदा ओल्यात, कुणी गाडीत नसताना, दहा वेळा चढउतार करा. चाक फिरायला लागलं की माणूस पाय दाबतो, तिथेच खड्डा खणला जातो. फोर एलमध्ये ब्रेकने फिरणारं चाक धरण्याची सिस्टीम आहे, ती कामाला लागायला क्षणभर वेळ द्यावा लागतो, पाय स्थिर ठेवा.

मिऱ्याची_थारवाली

सह्यकडांशी सहमत, फक्त माझे चार आणे.

मी रत्नागिरीची, थार डिझेल, रोज कॉलेजला शिकवायला जाते त्याच गाडीने आणि हो दादा, बायकाही फोर बाय फोर चालवतात, पंपावरच्या पोराला अजून पटत नाही ते वेगळं.

स्नॉर्कल घेऊ नका. म्हणजे वाईट वस्तू आहे असं नाही, पण तो लावला की माणसाला पाण्यात घुसायचा परवाना मिळाल्यासारखं वाटतं. थारची कागदावर पाण्यातली मर्यादा ६५० मिमी आहे, ती उभ्या पाण्याची हो, वाहत्या नाही. तुमचा जो फरशी पूल आहे ना, त्यावरून पाणी जात असेल आणि फरशीची कड दिसत नसेल तर गाडी अलीकडे लावायची, भजी खायची आणि थांबायचं. वाहतं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी हलकी गाडी उचलून बाजूला ठेवतं, आणि जिम्नी तर माझ्या गाडीपेक्षा पाचेकशे किलोने हलकी. स्नॉर्कल फक्त इंजिनाला श्वास देतो, चाकांना जमीन देत नाही.

पाण्यातून जाणं होतंच असेल तर स्नॉर्कलच्या पैशाच्या दहाव्या हिश्शात डिफरन्शियलचे ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर जायच्या नळ्या) उंच करून घ्या. गाडी तासभर पळून गरम झालेली असते, थंड ओढ्यात उतरली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मला हे कसं माहीत, तर सर्व्हिसला ऑइल काढलं तेव्हा दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. मेकॅनिक म्हणाला, मॅडम साखर घालू का.

अजून एक कुणी सांगत नाही ते पायाखालच्या मॅटचं. ते शिवलेले चामड्यासारखे सेव्हन डी मॅट असतील तर काढून टाका. पावसाळ्यात त्यांच्या खाली पाणी मुरतं, वर कोरडं दिसतं आणि खाली कार्पेट कुजतं, सप्टेंबरमध्ये गाडीत ओल्या कुत्र्याचा वास. कडा उंच असलेले रबरी ट्रे मॅट घ्या, उचलून झटकता येतात.

आणि कोकणात आलात तर बीचवर गाडी घालू नका. गुन्हा दाखल होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे खारं पाणी चेसिसमध्ये जाऊन बसतं. इथे किनाऱ्याजवळच्या गाड्यांचे सायलेन्सर नि ब्रेकचे पाईप बघा एकदा वाकून.

काळीमाती_परभणी

पाहुणे तुमच्याकडं लाल माती हाय म्हणून एटी टायर चालतील. आमच्याकडं काळ्या रानात एटीचंबी काय चालत नाही अन् एमटीचंबी. पाऊस पडून दोन तास झाले की टायरला चिखलाची भाकर चिकटती, मग दुसरी, मग तिसरी, अर्ध्या तासात टायर मडगार्डला टेकतो अन् चाक फिरायचंच बंद होतं. मी हातानी अन् विळ्यानी खरडून काढलेलं हाय, रात्री साडेनवाला, मोबाईल दातात धरून. आमचे वडील म्हणायचे वाफसा (माती निथळून मोकळी होणं) आल्याशिवाय रानात औत घालू नये, गाडीलाबी तोच नियम. कितीबी भारी फोर बाय फोर घ्या, वाफसा नसला तर गाडी बांधावर लावून चालत जायचं.

पण मला बोलायचंय ते त्या वायररोपबद्दल. तुम्ही सहज लिहून गेलात, पण ते लई डेंजर काम झालं होतं. नुसता बंपरचा कोपरा गेला हे नशीब समजा. झटक्यानी वायररोप किंवा साखळी तुटली तर ती चाबकासारखी येती अन् शेपटाला लोखंड असतंय. गाडीला मागं जो टो बॉल लावतात ना गोळ्यावाला, त्याला तर कधीच दोर बांधायचा नाही, तो तुटून काचंतून आत येतो.

ट्रॅक्टर काढणार असंल तर कायनेटिक दोरी लागतच नाही. ट्रॅक्टरमधी ताकद भरपूर हाय, त्याला झटका द्यायची गरज काय? साधा पट्टा घ्या आठ टनाचा, ट्रॅक्टरवाल्याला म्हणा आधी दोर ताणून घे, मग लो गिअरमधी मुंगीच्या पावलानं ओढ. कायनेटिक दोरी कारनी कार काढायला, हलक्या गाडीनी थोडं पळून दोरी ताणायची अन् दोरीच्या लवचिकपणानी अडकलेली गाडी उपसून येती. दोन्ही वस्तू वेगळ्या हायेत, दुकानदार दोन्हीला टो रोप म्हणूनच विकायलेत.

शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) घेताना त्याच्यावर आकडा कोरलेला बघा, ३.२५ टन नाहीतर ४.७५ टन असं. आकडा नसंल तर ते शोपीस हाय. पिन पूर्ण आवळायची अन् मग पाव आटा उलटा फिरवायचा, नाहीतर ओढून झाल्यावर ती पिन पान्यानीबी निघत नाही. दोर ताणला की त्याच्यावर मधोमध एक ओलं पोतं नाहीतर जाड जॅकेट टाकायचं, तुटला तर खाली पडतो. अन् बघे लोकांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब हाकलायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड हाय, गावात गाडी अडकली की जत्रा भरती.

एकटा_भटक्या

सगळे विंचच्या मागे लागलेत म्हणून लिहितो. मी तीन वर्षं विंच वापरतोय, एकट्याने फिरतो, जिथे जातो तिथे मोबाईलला रेंज नसते आणि तात्याही नसतात. दोनदा विंचमुळे घरी आलोय. तेव्हा सरसकट फालतू म्हणू नका.

सह्यकडा

@एकटा_भटक्या फालतू कुणी म्हटलं? तुमचा वापर वेगळा. पाहुण्यांच्या घराच्या अडीच किमी परिघात तीन ट्रॅक्टर असतील. शिवाय विंच म्हणजे नुसता विंच नाही, त्याला धरणारा बंपर, जाड केबल, चांगली बॅटरी, झाडाला इजा होऊ नये म्हणून पट्टा, आणि हे सगळं वापरायची सवय. वर्षभर न वापरलेला विंच नेमका हवा तेव्हा फिरत नाही, हे तुम्हीच मागे लिहिलं होतं.

एकटा_भटक्या

ते खरंय. आतली ग्रीस वाळली होती 🙂

वेल्ह्याचा_पाहुणा

अरे बापरे, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. वायररोपचं वाचून काल झोप नाही आली खरं सांगतो, पोरगी मागच्या काचेतून बघत होती तेव्हा.

दोन-तीन शंका. दुकानदार म्हणतो स्टील बंपर लावला की सेफ्टी वाढते, खरं का? आणि साईड स्टेपचं कुणीच बोललं नाही. शिवाय पावसात हायवेला मी फोर एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) टाकून चालवतो, बरोबर ना?

गॅरेजवाला_कोल्हापूर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो.

फोर एच: ओल्या डांबरीवर जोराचा पाऊस असंल तर सरळ रस्त्याला चालून जातंय, पण पाऊस थांबला, रस्ता सुकला की लगेच टू एच (फक्त मागच्या चाकांना ताकद). तुमच्या गाडीत मधला डिफरन्शियल नाही, पुढचं-मागचं एकत्र बांधल्यागत फिरतंय. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापत्यात, मागची कमी, माती असली की चाक जरा घसरून तो फरक निघून जातोय, कोरड्या डांबरीवर घसरायला जागा नाही म्हणून सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या पेटीवर). पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळल्यागत, मागं कुणी धरल्यागत वाटली की समजायचं फोर एच काढायचं राहिलंय. आमच्याकडं अशी एक गाडी आली, मालक म्हणला ब्रेक चिकटतोय. दोन दिवस ब्रेक बघितले आम्ही. लिव्हर कुणी बघितलाच नाही.

बंपर: सेफ्टी वाढत न्हाई, उलटी जाती. कंपनीचा पुढचा भाग चेपण्यासाठीच बनवलेला असतोय आणि एअरबॅगचे सेन्सर त्या चेपण्यावर हिशोब करत्यात. पुढं लोखंड बांधलं की हिशोब चुकला. आणि समोर चालणारा माणूस असंल तर त्याचं काय होईल बघा. म्हणून तर डिसेंबर २०१७ ला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र काढून क्रॅश गार्ड, बुल बार बंद करा म्हणून सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ गाडीत बदल करायला मनाई हाय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एका बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद बसू शकती. नाक्यावर सोडतील एकवेळ, पण ॲक्सिडेंट झाला आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला की तो बंपरचाच फोटो पहिला काढतोय. धंदा माझा असला तरी खरं ते सांगतो, मी बंपर लावून देत नाही.

लाईट बारचंबी तेच. रस्त्यावर उघडा ठेवला की समोरच्याच्या डोळ्यात सूर्य. आणि तुम्हाला ताम्हिणीत धुकं लागणार, धुक्यात वरून पांढरा लाईट मारला की समोर दुधाची भिंत उभी राहती, त्यात बॉनेट चमकतंय ते वेगळं. खाली, बंपरच्या उंचीला पिवळे फॉग लाईट असतील तर तेवढे पुरे. काहीबी लावा पण रिले आणि फ्यूज टाकून वेगळी वायर ओढून घ्या, कंपनीची वायर सोलून जोड मारला की वॉरंटी गेली आणि उद्या धूर निघाला तर कुणाकडं बघायचं?

साईड स्टेप: बाजारात मिळतात त्या पातळ पत्र्याच्या असत्यात, गाडीच्या पोटाखाली लोंबत्यात, पाणंदीतला दगड पहिला तिथंच लागणार आणि वाकलेली स्टेप दार उघडू देत न्हाई. फ्रेमला पक्क्या बोल्टनं बसणारे रॉक स्लायडर असत्यात, त्यावर जॅकबी लावता येतोय, पण त्यांची उंची इतकी की आईंना चढायला काही उपयोग न्हाई. दोन्ही कामं एका नळीत होत न्हाईत बगा.

मिऱ्याची_थारवाली

आईंसाठी एक सुचवू? आमच्या सासूबाईंना थारमध्ये चढवायला मी आतल्या खांबाला धरायची जाड मूठ लावून घेतली आणि खाली ठेवायला लाकडी पाट. देवघरातला नाही हो, जाड, चार खुरांचा, रबर लावलेला. आधी पाटावर, मग मूठ धरून आत. दोन वर्षं झाली, एकदाही तक्रार नाही. म्हणजे पाटाबद्दल नाही, माझ्या ड्रायव्हिंगबद्दल रोज आहे.

वेल्ह्याचा_पाहुणा

दोन महिन्यांनी परत आलोय, काय केलं ते सांगायला.

पाच टायर २१५/७५ एटी, स्टेपनीसकट, कारण स्टेपनी जुन्या साईजची ठेवून फोर बाय फोरमध्ये चालवायची नाही असं टायरवालाच म्हणाला. बॅटरीवरचा कंप्रेसर, हवेचा गेज, आठ टनाचा पट्टा, ४.७५ टनाचे दोन शॅकल, एक फोल्डिंग फावडं, ट्रे मॅट. पुढे-मागे रेटिंगवाले टो पॉइंट फ्रेमला बसवून घेतले. इन्शुरन्सवाल्यांना टायरबद्दल ईमेल टाकून ठेवलाय. ब्रीदर पुढच्या सर्व्हिसला. सगळं धरून ६० च्या थोडं वर गेलं, किती ते बायकोला कळवलेलं नाही, कृपया इथेही विचारू नका.

गेल्या शनिवारी तोच चढ, सकाळपासून धोधो. ओढ्याच्या अलीकडे पाऊण तास थांबलो कारण फरशीची कड दिसत नव्हती (भजी नव्हती, पोरीचा खाऊ खाल्ला). पाणी उतरल्यावर पलीकडे गेलो, चढाच्या खाली सगळ्यांना उतरवलं, हवा १८ केली, फोर एल, दुसरा गिअर. मध्यावर एकदा मागचं डावं चाक फिरलं, जुन्या सवयीने पाय दाबला जाणार होता तो धरून ठेवला, टक-टक-टक आवाज आला खालून, आणि गाडी हळूच सरकली वर. तात्या बांधावर छत्री घेऊन उभे होते, त्यांचा जरा हिरमोड झाला असं वाटलं.

मायलेज साडेचौदाचं पावणेचौदावर आलंय आणि ऐंशीच्या पुढे टायरचा बारीक घूं असा आवाज येतो, रेडिओ लावला की जातो. कंप्रेसर सगळ्यात जास्त वापरला जातोय तो सोसायटीतल्या पोरांच्या सायकलींना हवा भरायला, रविवारी सकाळी रांग लागते.

पाट गावच्या सुताराकडून करून घेतला, सागाचा. आई आता पुढेच बसते. ती मूठ मात्र मला कुठे मिळेना, थारवाली ताई, तुम्ही कुठून घेतली आणि जिम्नीच्या खांबाला बसेल का?

डिझेलदादा

म्हणजे शिडी नाहीच घेतली.